तळहातानं ऐकणारा तांबट

भिमाजी तांबट आमच्या विमान कंपनीत सात वर्षं होता. पाच वर्षं पंखांवर आणि शेवटची दोन भांड्यांवर. भांड्यांचं काम त्यानं स्वतः मागून घेतलं. का मागून घेतलं ते माहीत असलेल्यांपैकी आता मीच उरलो आहे, म्हणून लिहितो.

कंपनी पिंपरी आणि चिंचवडच्या मध्ये रुळांना लागून होती, लढाई संपल्यावर लष्करानं सोडलेल्या शेडमध्ये. एकावन्न साली मी साताऱ्याकडून आलो तेव्हा तिथं तीन शेड होत्या, बाकी बाभळी. विमान कंपनी म्हटलं की लोकांना वाटे आम्ही विमानं बांधतो. आम्ही बांधत नव्हतो, दुरुस्त करत होतो. लढाईत वापरलेली मालवाहू विमानं खासगी मालकांनी विकत घेतली होती. ती लोहगावला उतरत, तिथं त्यांचे पंख सुटे करत आणि ते पंख ट्रकवर आडवे बांधून आमच्याकडे येत. इंजिनं दुसऱ्या शेडमध्ये उघडत. पण विमानांचं काम वर्षभर पुरत नसे. दोन-दोन महिने शेड रिकामी राही. म्हणून कंपनीनं बसगाड्यांचे सांगाडे घेतले, मग रेल्वेच्या डब्यांची छपरं घेतली. कातरून उरलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची भांडी करायलाही सुरुवात केली. दुधाचे डबे, पातेली, ताटं. समोरच्या दारातून विमानाचा पंख आत जाई आणि मागच्या दारातून पातेली बाहेर पडत.

कामगारांत या खात्यांची पायरी ठरलेली होती. सगळ्यांत वर इंजिन आणि पंख. मग बस. मग छपरं. तळाला भांडी. कामात चूक झाली की मुकादम म्हणे, "भांड्यांत जायचंय का?" एवढ्यानं माणूस सरळ होई.

भिमाजी चिंचवड गावचा. गावात तांबटांची चार घरं होती, त्यातलं एक त्याचं. आजा-पणजापासून हंडे, घागरी, बंब ठोकायचं काम. लढाईनंतर बाजारात ॲल्युमिनियमची पातेली आली. हलकी, स्वस्त, कल्हई नको. बायका तांब्याचं भांडं मोडीत घालून त्यात दोन पातेली घेऊ लागल्या. बावन्न साली भिमाजीनं दुकानाला फळ्या लावल्या. तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. दुकान मोडणारी पातेली आमच्याच कंपनीची होती. हे त्याला माहीत होतं. कामाला लागताना त्यानं फोरमनला एकच गोष्ट सांगितली, "कुठंबी घाला, भांड्यांत न्हाई. ज्यानं माझं दुकान खाल्लं ते मी करणार न्हाई."

फोरमननं त्याला वाकडा झालेला एक पत्रा दिला आणि सरळ करायला सांगितला. भिमाजीनं घरचा हातोडा काढला, पाऊण तास ठोकला. पत्र्यावर हात फिरवला तर काच. त्याच दिवशी त्याला पंखावर घेतलं.

पंखाचं काम दोघांचं असतं. पंख म्हणजे वरून पत्रा आणि आत आडव्या-उभ्या पट्ट्यांचा सांगाडा. पत्रा पट्टीला रिव्हेटनं जोडतात. आम्ही रिपीट म्हणायचो. एक जण बाहेरून हवेची गन रिपीटच्या डोक्यावर धरून मारतो. दुसरा पंखाच्या आत शिरून रिपीटच्या टोकाला लोखंडी ठोकळा लावून धरतो. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. गन बसली की टोक डॉलीवर चेपतं आणि रिपीट घट्ट होतो. बाहेरच्याला टोक दिसत नाही. टोक फक्त आतल्याला दिसतं. म्हणून आतला माणूस पत्र्यावर ठोके देऊन सांगतो. एक ठोका म्हणजे बसला, पुढं चल. दोन म्हणजे अजून मार. तीन म्हणजे थांब, गन उचल.

एवढीच भाषा. तीनशे रिपीट बसले की पाळी चांगली झाली असं आम्ही धरायचो. भिमाजी आणि त्याचा आतला जोडीदार सयाजी मिळून चारशे बसवत. त्यातला एखादाच खोडला जाई. खोडणारे अर्जुनराव. ते पंखांचे इन्स्पेक्टर, डिप्लोमा झालेले, बारीक अंगाचे, कुणाशी जास्त न बोलणारे. काम नाही बसलं तर खडूनं फुली मारत आणि पुढं जात. वाद घालून त्यांची फुली कधी पुसली गेली नाही.

सयाजी बीडकडचा. पंचविशीचा, दोन पोरांचा बाप, पण उंची पाच फुटांच्या आत. त्यामुळं पंखात शिरायला सोपा. आतही तो बडबड करी. "दादा, तुमचं बरंय, बाहेर वारा खाताव. हितं माझं वांगं भाजायलंय." भिमाजी उलट म्हणे, "भाजू दे. भाजल्यावर साल निघतीया, मग अजून बारीक होशील." उन्हाळ्यात पंखाच्या आत खरोखरच माणूस शिजे. दहा मिनिटांनी सयाजी बाहेर येऊन डोक्यावर पाणी ओती आणि परत आत जाई. पाळीत तीस-पस्तीस वेळा.

गनचा आवाज कसा असतो ते सांगून कळायचं नाही. संध्याकाळी घरी गेलं की तासभर कानात रातकिडे ओरडत. सगळ्यांचेच ओरडत. कुणी कापसाचे बोळे घाली, कुणी लसणीचं तेल. कंपनीचा डॉक्टर वर्षातून एकदा डोळे तपासी, कान नाही. पण अर्जुनरावांचा नियम होता की ज्याला ठोका ऐकू येत नाही त्यानं गन धरायची नाही. नियम बरोबर होता. आतल्या माणसाची बोटं त्या ठोक्यावर असतात.

भिमाजीचे कान गेले हे मला पंचावन्नच्या दिवाळीत कळलं. त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. भिमाजी परसात पाठमोरा बसून काही तासत होता. त्याची बायको कौशल्याबाई मला ओसरीवर बसवून मागं गेली. तिनं हाक मारली नाही. खाली वाकून चिंचोका उचलला आणि त्याच्या पाठीवर मारला. तो वळला. हे इतकं सवयीनं झालं की नवरा-बायकोची गंमत असेल असं मला वाटलं. मग जेवताना पाहिलं, ती बोलताना दर वेळी त्याच्यासमोर येऊन बोलत होती. मी मुद्दाम त्याच्या मागं जाऊन त्याचं नाव घेतलं. तो भाकरी मोडत राहिला.

निघताना कौशल्याबाई दारापर्यंत आली. म्हणाली, गल्लीला कळू नये म्हणून मी घरातसुद्धा मोठ्यानं बोलत नाही. तुम्ही कळल्यासारखं करू नका. भांड्यांत घातलं तर ते कामावर जायचे नाहीत, आणि दुकान तर आता उघडायचं नाही. मी हो म्हणालो. मी विचार केला नाही असं नाही. विचार केला आणि हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी त्याचं काम नीट पाहिलं. उजव्या हातात गन आणि डावा हात पत्र्यावर पसरलेला, पाचही बोटं मोकळी. आम्ही सगळे कधी ना कधी हात टेकतो, पण तो कधीच उचलत नव्हता. सयाजीचा ठोका त्याच्या तळहातात पोचत होता. आत सयाजी ठोके बोटाच्या पेरानं न देता एका जाड बोल्टनं देत होता. म्हणजे सयाजीला माहीत होतं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "दादानं मला डॉली धरायला शिकवली. त्याला न्हाई ऐकू येत तर मी जोरात ठोकतो. त्यात काय एवढं."

काम बिघडत नव्हतं. अर्जुनरावांच्या फुल्या वाढल्या नव्हत्या. अर्जुनराव मागून बोलले तर सयाजी आतून पत्रा वाजवी आणि भिमाजी वळे. दीड वर्ष असं चाललं. त्या दीड वर्षात त्या दोघांनी सहा पंख पुरे केले. सहाही लोहगावला गेले, जोडले गेले, उडाले. सातवा सत्तावन्नच्या फेब्रुवारीत आला.

तो पंख मार्चअखेर हवा होता. मालकाचा माणूस रोज येऊन बसे. एका पंखावर एका वेळी एकच जोडी, हाही अर्जुनरावांचाच नियम. दोन गन एका पत्र्यावर चालल्या की ठोके एकमेकांत मिसळतात. पण वरून दडपण आलं आणि अर्जुनरावांनी दोन जोड्यांना परवानगी दिली. कागदावर सही केली नाही, तोंडी दिली. दुसरी जोडी आमची. बाहेर माझा जोडीदार मालोजी, आत डॉलीवर मी. पंख उभा करून लाकडी घोड्यांवर बांधला होता. त्याच्या एका कप्प्यात सयाजी, मधला कप्पा सोडून तिसऱ्यात मी.

चांगलं ऐकू येणाऱ्याला अशा वेळी अडचण होते, पण निभते. आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे कानाला कळतं. तळहाताला कळत नाही. पत्रा एकच असतो. हे मला आधी सुचायला हवं होतं. सयाजीला सुचायला हवं होतं. सगळ्यांत आधी भिमाजीला, कारण तळहात त्याचा होता. तिघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं तर नियम सांगावा लागला असता, आणि नियम सांगितला तर कान सांगावे लागले असते.

दोन जोड्या लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, सयाजीची डॉली सटकली. दोन पट्ट्यांच्या मध्ये जाऊन अडकली, आणि तिच्याखाली त्याच्या उजव्या हाताची बोटं. गन अजून रिपीटच्या डोक्यावर होती. सयाजीनं डाव्या हातानं बोल्ट उचलून तीन ठोके दिले, डावा हात म्हणून नेहमीपेक्षा हलके. मी आत होतो, स्पष्ट ऐकले. त्याच वेळी माझा रिपीट अर्धा बसला होता आणि मी मालोजीला दोन ठोके दिले. भिमाजीनं गन मारली.

सयाजी ओरडला ते सगळ्या शेडनं ऐकलं. भिमाजी मारत राहिला. मालोजीनं धावत जाऊन त्याचा दंड धरून गन ओढली तेव्हा तो थांबला. त्याला वाटलं मालोजी थट्टा करतोय. तो हसला. मग त्यानं आमची तोंडं पाहिली.

सयाजीला बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. पुण्याला इस्पितळात नेलं. मधलं बोट आणि अंगठ्याशेजारचं बोट, दोन्ही मुळापासून काढावी लागली.

आठ दिवसांनी अर्जुनरावांच्या टेबलाशी चौकशी झाली. सयाजी हात गळ्यात बांधून आला होता. अर्जुनरावांनी त्याला विचारलं, किती ठोके दिले होते. सयाजी म्हणाला, द्यायचे राहिले. डॉली सटकली, घाबरलो, ठोकाच दिला नाही. मला विचारलं, मी म्हणालो आमचं काम चालू होतं, काही ऐकलं नाही. मग भिमाजीकडे वळून अर्जुनरावांनी तेच विचारलं. ते त्याच्यासमोर बसले होते, तोंड दिसत होतं, त्याला कळलं. तो म्हणाला, "दोन. अजून मार म्हनला, मारला."

अर्जुनरावांनी लेखणी थांबवली. हा म्हणतो दिलाच नाही, हा म्हणतो दोन दिले. मग ते दोन कुणाचे? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, माझे. मालोजीला दिलेले.

मग ते भिमाजीकडे वळले. त्यांना तेव्हाच कळलं असावं. तीस वर्षं पत्र्यातली खोट शोधणारा माणूस. पण दुसऱ्याचे ठोके याच्या हाताला लागले असं लिहायचं तर एका पंखावर दोन जोड्या का, तेही लिहावं लागणार होतं. त्यांनी लिहिलं, आतल्या कामगाराची हयगय. कागद घडी करून ठेवला. सयाजीला डॉली धरता येणार नव्हतीच. त्याला पत्र्याची कातरण गोळा करायचं काम मिळालं, आणि त्याच्या नावापुढं हयगय हा शब्द राहिला. भिमाजीला काहीच झालं नाही. तो पंखावर राहिला.

त्याच दिवशी सुट्टीला नळावर हात धुताना भिमाजी माझ्याशेजारी उभा राहिला. मी तोंड धुतलं, पुसलं, टोपी घातली तरी तो हलला नाही. मग म्हणाला, "तू आत हुतास."

मी मान हलवली.

"सयाजी दिलाच न्हाई म्हनतो. माझ्या हाताला दोन लागलं, ते तुझं. त्यानं खरंच दिला न्हाई?"

 त्याला माझं तोंड वाचता येऊ नये म्हणून मी खाली पाहत राहिलो. त्यानं माझ्या हनुवटीला हात लावून तोंड वर केलं. मोठ्या भावासारखं, रागानं नाही.

"किती?"

मी तीन बोटं वर केली.

त्यानं ती बोटं पाहिली. मग नळ सुरू करून परत हात धुवायला लागला. धुतलेलेच हात. मी निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी तो अर्जुनरावांच्या टेबलाशी उभा होता. आम्ही कार्ड टाकायच्या रांगेत होतो. ऐकू न येणारा माणूस हळू बोलू शकत नाही, त्यामुळं रांगेनं सगळं ऐकलं. "मला ऐकू येत न्हाई. दीड वर्ष झालं. सयाजीनं तीन ठोकं दिलं हुतं. कागदावर लिवा."

अर्जुनराव म्हणाले, कागद बंद झाला आहे, कामावर जा. तो गेला नाही. अर्जुनरावांनी परत सांगितलं. तो म्हणाला, "मी हितनं हलणार न्हाई. गन मला देऊ नगा." रांग थांबली होती. शेवटी अर्जुनराव उठले, भिमाजीच्या मागं दाराशी जाऊन थांबले आणि साध्या आवाजात म्हणाले, भिमाजी, वळून बघ. भिमाजी टेबलाकडे पाहत उभा राहिला.

इथं मला अर्जुनरावांबद्दल एक सांगायला हवं. त्यांनी चौकशीत जे केलं ते केलं. पण त्या दिवशी त्यांनी जुना कागद काढला, हयगय खोडलं, दोन जोड्यांची परवानगी स्वतःच्या नावावर लिहिली आणि खाली सही केली. त्यांची बढती त्या वर्षी थांबली. ते त्याबद्दल कुणाशी बोलले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, दीड वर्षात तू किती पंख केलेस. भिमाजीनं बोटं मोजून सांगितलं, हा धरून सात. सहा गेले होते. सातवा समोर होता. अर्जुनराव म्हणाले, याच्यातला तुझा प्रत्येक रिपीट काढून बघायचा.

ते काम मला आणि मालोजीला दिलं. एका रिपीटचं डोकं ड्रिलनं उडवायचं, टोक ठोकून बाहेर पाडायचं, भोक खराब होऊ द्यायचं नाही, टोक अर्जुनरावांच्या पुढं ठेवायचं. घाई केली तर पत्रा फाटतो. भिमाजीचे रिपीट अठराशे बेचाळीस होते. आम्हाला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत भिमाजी रोज आला, गन नाही, हातोडा नाही, पंखाशेजारी उभा राहिला. आठ तास उभा. आम्ही त्याला पेटी दिली, बसला नाही. मी आजवर पुष्कळ कष्टाची कामं पाहिली, केली. त्या अकरा दिवसांत आमचं काम हलकं होतं.

टोकं तीन ढिगांत पडत. चांगली, चालतील अशी, वाईट. चौथ्या दिवशी एक वाईट निघालं. कमी चेपलेलं. दुसऱ्याचा एक ठोका आपला समजून पुढं गेला असणार असं म्हणावं, तर तो रिपीट बसवला तेव्हा आमची जोडी त्या पंखावर आलीच नव्हती. सयाजीनं दोन दिले असणार आणि तळहाताला एकच पोचला असणार. अकराव्या दिवशी अर्जुनरावांनी ढीग मोजले. भिमाजी त्यांच्या हाताकडे पाहत होता, तोंडाकडे नाही.

"चार," ते म्हणाले, आणि चार बोटं दाखवली.

अठराशे बेचाळिसात चार. आमच्या जोडीचे काढले असते तर चार निघाले नसते असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण आमचे काढले नाहीत. त्याचे काढले. आणि चार म्हटल्यावर प्रत्येकाच्या मनात पुढचा हिशेब झाला. सहा पंख बाहेर होते. त्यांचे रिपीट आता कुणी काढणार नव्हतं. अर्जुनरावांनी विमानांच्या मालकांना पत्र लिहिलं असं ऑफिसातला शिपाई सांगे. पत्र वरच्या टेबलावरून पुढं गेलं की नाही हे मला ठाऊक नाही.

सयाजी मात्र भिमाजीवर चिडला. कातरण भरायची टोपली खाली टाकून तो त्याच्यासमोर उभा राहिला आणि डाव्या हातानं उजवा हात त्याच्या तोंडापुढं धरला. "तुम्हाला पंखावर ठेवायसाठी मी ठोका दिला न्हाई म्हणलं. ही मी कशाला घालवली मग?"

भिमाजी खाली वाकला. टोपली उचलून सयाजीच्या खांद्यावर नीट बसवून दिली. त्यानंतर ते दोघं एकमेकांशी फारसे बोलले नाहीत. सयाजी वर्षभरानं बीडला परत गेला.

अर्जुनरावांनी भिमाजीला बसच्या सांगाड्यांवर घालायचं ठरवलं होतं. तिथंही दोघांची जोडी लागते, पण माणूस समोरासमोर दिसतो. पगारही तोच. हे त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. भिमाजीनं वाचलं आणि मान हलवली, नको. भांड्यांत घाला म्हणाला. आम्हाला वाटलं त्याला नीट कळलं नाही. फोरमननं परत समजावलं, अरे, भांड्यांत नको म्हणणारा तूच ना. भिमाजी म्हणाला, "व्हय, मीच. पर भांड्याला एकच मानूस लागतो. पत्र्याच्या पलीकडं कुनाचा हात नसतो."

तो दुधाच्या डब्यांवर गेला. डब्याची मान ठोकायचं काम. कौशल्याबाईनं त्या दिवसापासून घरात मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. तिचा आवाज नदीपल्याडच्या थेरगावात ऐकू येतो असं शेजारी म्हणत. ती म्हणे, दीड वर्ष दाबून ठेवला होता, आता घ्या.

भांड्यांच्या शेडमध्ये इतर लोक पाळीत चाळीस डबे करत. भिमाजीच्या हाताला पत्रा ओळखीचा, त्यानं पन्नास करायला हवे होते. त्याचे एकतीस भरत. फोरमन माझ्याकडे तक्रार घेऊन आला. म्हणाला, तुमचा तांबट दर दोन मिनिटांनी हातोडा थांबवतो आणि दाराबाहेर मान वर करून बघत बसतो.

मी जाऊन पाहिलं. त्यानं ऐरण दाराशी घेतली होती. लोहगावहून उडालेली विमानं आमच्यावरून जात, दिवसाला पाच-सहा. त्यांचा आवाज आला की शेडमधले लोक वर बघत, नाहीतर नाही. भिमाजीला आवाज येत नव्हता. विमान कधी येईल हे त्याला कळत नव्हतं. म्हणून तो दर दोन मिनिटांनी बघत होता, विमान असो नसो.

मी फोरमनला सांगितलं, त्याची मान धरते, ठोकून ठोकून. फोरमननं त्याची ऐरण आत भिंतीशी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाराशी होती. मण-सव्वा मणाचं लोखंड, एकट्यानं ओढत आणलेलं, फरशीवर चरा पडला होता. फोरमननं परत आत नेली. ती परत दाराशी आली. तिसऱ्यांदा फोरमननं नाद सोडला.

त्या सहा पंखांतला एकही पडल्याचं माझ्या कानावर आलं नाही. हे मी भिमाजीला दोनदा पाटीवर लिहून दाखवलं. दोन्ही वेळा त्यानं वाचलं, पाटी परत दिली, आणि दाराबाहेर पाहिलं. एकोणसाठ सालच्या मे महिन्यात त्यानं काम सोडलं तोवर त्याचे डबे एकतीसच भरत होते.